प्रयोग क्रमांक १ : रोडबाईकमधल्या अज्ञात आवाजाचा उगम शोधणे

(ज्यांनी गिअरची सायकल नुकतीच घेतली आहे आणि तिची खरी किंमत घरी अजून सांगितलेली नाही, त्यांच्यासाठी)

उद्देश

चढावर पेडल मारताना सायकलच्या पोटातून येणाऱ्या 'कट्' अशा आवाजाचा उगम शोधून काढणे. वेळ उरल्यास तो बंद करणे.

हा आवाज पूर्वी नव्हता असं नाही, ऐकू येत नव्हता. घरच्या काळ्या बावीस इंचीवर मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, स्टँड आणि घंटी एकाच वेळी बोलायची. त्यात एखादा बिघाड काही सांगायला गेलाच, तर त्याचं ऐकणार कोण? अगदीच दर पायाला 'खट्' बसायला लागलं की कॉटर पिन सैल झाली, हे शेंबडं पोरही सांगायचं. दुकानदार हातोडीचे दोन घाव घालायचा, नट आवळायचा, आणि निदान, उपचार व हिशेब जागच्या जागी मिटायचा. रोडबाईकमध्ये वाजण्यासारखं काही ठेवलेलंच नसतं. त्यामुळे जे वाजतं ते थेट काळजात वाजतं.

साहित्य

४, ५, ६ आणि ८ मिलिमीटरच्या ॲलन की, टॉर्क रेंच (उसना चालेल), ग्रीसची छोटी ट्यूब, चेनचं तेल, इंचाच्या खुणा असलेली स्टीलची फुटपट्टी, जुनं बनियन, एक निर्मनुष्य चढ, आणि शेजारून सायकल चालवत नुसता कान देणारा एक मित्र. मित्र मितभाषी असावा. पुण्यात हे साहित्य सर्वांत दुर्मीळ असल्याने आधी तेच मिळवा, ॲलन की कुठेही मिळतात.

साहित्यात डब्ल्यूडी-४० चा डबा नाही, हे चाणाक्षांच्या लक्षात आलं असेल. १९५३ साली अमेरिकेत पाणी हटवण्यासाठी आणि गंज रोखण्यासाठी ते बनवलं गेलं; चाळिसाव्या प्रयत्नाला सूत्र जमलं म्हणून नावात ४०. गंजलेला नट सोडवायला त्याच्यासारखं दुसरं नाही. चेनवर मारलं तर मात्र ते आतलं होतं नव्हतं तेल धुऊन नेतं, दोन दिवस शांतता देतं आणि मग चेन पूर्वीपेक्षा वरच्या पट्टीत किरकिरू लागते. डिस्क ब्रेकची सायकल असेल तर फवारा डिस्कवर उडण्याचीही सोय आहे. पॅड तेल पितात, ब्रेक लागेनासे होतात आणि वर किंचाळतात. म्हणजे एका आवाजाचे दोन झाले.

आकृती

मनातल्या मनात काढावी. मधोमध क्रँक, त्याला बाहेरच्या बाजूने दोन चेनरिंग, मागे कॅसेट, दोघांना जोडणारी चेन. क्रँकचा दांडा फ्रेममधून जिथे आरपार जातो तिथे बॉटम ब्रॅकेट, बोलीभाषेत बीबी. बाण काढून सगळ्यांना नावं द्या. 'आवाज इथून येतो' असा बाण इतक्यात काढू नका.

कृती

आधी सायकल नसलेल्या वस्तू सायकलपासून वेगळ्या करा. सीटखालच्या पिशवीत घराची किल्ली आणि पंक्चरचं सामान एकमेकांवर आपटत असतं. बाटलीच्या पिंजऱ्याचा स्क्रू सैल असतो. बुटाच्या लेसचं टोक क्रँकला दर फेरीला टिचकी मारतं. चेन सरकवून गिअर बदलणाऱ्या पुढच्या डिरेलरच्या केबलचं कापून उरलेलं टोक बाहेर वाकलेलं असतं आणि क्रँक जाता येता त्याला शिवतो. जर्सीची चेन वाजत असते आणि तुम्ही सायकलची चेन धूत बसता.

यात कमीपणा वाटतो, हे मान्य. एवढ्या महागाच्या वस्तूतला आवाज किल्लीचा निघावा, हे कुणालाच आवडत नाही. पण असले आवाज बहुतेक वेळा फुटकळ जागांवरूनच येतात, आणि आळ मात्र महागड्या, नाव घ्यायला भारदस्त अशा भागावर जातो. माणसांच्या बाबतीत उलटं असतं, इतकाच काय तो फरक.

आता सायकलवर बसा. आवाज कुठून येतो हे विचारू नका, तो कधी येतो ते विचारा. या प्रयोगाचा गाभा एवढाच. बाकीचं सगळं हात काळे करणं. 'कुठून' हा प्रश्न निरुपयोगी का, तर फ्रेम म्हणजे पोकळ नळ्या. तार छेडली जाते एकीकडे आणि घुमतो भोपळा, हे तंबोऱ्याजवळ बसलेल्याला सांगायला नको. इथेही मागच्या चाकाच्या आसाशी झालेली टिचकी बरोबर दोन पायांच्या मध्ये घुमते. तुम्ही खाली वाकून बघता, समोर बीबी दिसते, आणि एक निरपराध भाग बदलायचं तुमच्या मनात पक्कं होतं.

दुसरी फसवणूक तालाची. आवाज दर उजव्या पायाला येतो, म्हणजे तो उजव्या पेडलचा किंवा क्रँकचा, असं वाटणं साहजिक आहे. पण उजवा पाय जोरात दाबला की फ्रेम केसभर पीळ खाते, हँडल एका बाजूला ओढलं जातं, सीटवरचं वजन सरकतं. स्टेमपासून मागच्या आसापर्यंत जे जे सैल किंवा कोरडं असेल, त्याला हलायची संधी त्याच क्षणी मिळते. सगळेच पायाच्या तालावर बोलतात.

म्हणून उलटतपासणी. बसून चढताना आवाज येत असेल तर सीटवरून उठा. थांबला? सीट, तिच्या सळया किंवा सीटपोस्ट यांच्यावर संशय. उलट उभं राहिल्यावरच येत असेल तर हँडल, स्टेम आणि हेडसेट यांच्याकडे वळा. उताराला पेडल थांबवा आणि बसल्या बसल्या अंग हलवा. तरी वाजलं, तर बहुधा चेन, क्रँक आणि पेडल निर्दोष सुटले. मोकळ्या रस्त्यावर एक पाय काढून घ्या आणि दुसऱ्याने चार फेऱ्या मारा, मग पाय बदला. मित्राची पेडल तशीच असतील तर अदलाबदल करा. आवाज त्याच्या सायकलवर गेला तर पेडल सापडलं. (मितभाषी मित्र इथे उपयोगी पडतो.) बुटाखालचे क्लीट कोरडे पडले तरी हुबेहूब बीबीसारखा आवाज देतात. ते पुसून, पेडलला घासतात तिथे थोडं मेण लावलं की अनेकांची बीबी आपोआप बरी होते.

निरीक्षण

इथे थोडं गणित आहे, पण पाढे येत असतील तर पुरे.

क्रँकच्या दर फेरीला एकदा आवाज: पेडल, क्रँक, चेनरिंगचे बोल्ट, बीबी, आणि वर सांगितलेले सगळे तोतये. दोन-तीन फेऱ्यांनी एकदा: चेन. कारण रोडबाईकच्या चेनमध्ये साधारण ११० कड्या असतात. पुढे ५० दात्यांची चेनरिंग असेल तर एखादी अवघडलेली कडी क्रँकच्या २.२ फेऱ्यांनी पुन्हा त्याच जागी येते. ३४ दात्यांवर असाल तर सव्वातीन फेऱ्यांनी. लहान चेनरिंगवर आलात आणि आवाजाचं अंतर वाढलं, तर चोर चेनमध्येच आहे. सावकाश उलटं पेडल फिरवत मागच्या डिरेलरच्या चाकांकडे बघत बसा. अवघडलेली कडी तिथून जाताना टुणकन उडी मारते. दोन्ही हातांनी ती कडी धरून आडवी, हलकेच वाकवली की बहुतेक वेळा सुटते.

पायापेक्षा भरभर, पेडल थांबवलं तरी चालूच: चाक. पुढे ५० आणि मागे १७ दाते असले की क्रँकच्या एका फेरीत मागचं चाक जवळजवळ तीनदा फिरतं. रिमच्या भोकात थरथरणारा व्हॉल्व्ह, एकमेकींवर घासणाऱ्या तारा, सैल झालेली तार. चाकाचा आऊट काढणारा माणूस तारा बोटाने छेडून हे क्षणात ओळखतो.

हे मोजमाप नेहमीच्या ९० च्या लयीत होत नाही. सेकंदाला दीड फेरी होते आणि मोजणारा भेलकांडतो. जड गिअर टाका, लय ५०-६० वर आणा.

आवाज ठरावीक गिअरलाच येत असेल तर तो 'कट्' नसून बहुधा 'कटकट' असते, आणि निदान सोपं असतं. सायकल उजव्या अंगावर पडली होती का? गॅलरीत कपडे वाळत घालताना कुणाचा धक्का? घरात विचारलं तर कुणीही कबूल होणार नाही. मागून बघा: डिरेलरची दोन्ही चाकं कॅसेटच्या दात्यांना समांतर दिसत नसतील, तर डिरेलर ज्याला लटकतो तो हँगर वाकला आहे. तो मऊच केलेला असतो, फ्रेमऐवजी त्याने वाकावं म्हणून. हँगर सरळ असेल तर केबलच्या तोंडाशी असलेला बॅरल पाव फेरी फिरवा. पाव म्हणजे पाव. अर्धी फिरवून 'बघू या' म्हणणाऱ्यांसाठी दुकानं उघडी आहेत.

तज्ज्ञांचे मत

मूळ प्रयोगवहीत हे शीर्षक नसतं, पण खडकवासल्याला कांदाभजी खायला थांबलात की ते आपोआप जोडलं जातं.

"आवाज येतोय रे तुझ्या सायकलचा."

"हो, बघतोय काय ते."

"बघायचं काय त्यात? बीबी गेली."

"प्रेसफिट आहे ना? मग बीबीच."

तिसरा भजीचा हात जर्सीला पुसतो, सायकलचं मागचं चाक उचलतो, क्रँक हाताने फिरवतो. आवाज येत नाही. "बघ, आता येत नाहीये," असं म्हणून तो तुमच्याकडे अशा नजरेने बघतो, की जणू आवाज तुम्हीच काढत होतात. "याचा अर्थ बीबीच," चौथा म्हणतो. पाचवे काका वयाने मोठे. ते म्हणतात, "आमच्या वेळी स्टीलची फ्रेम होती," आणि चहा मागवतात.

हाताने क्रँक फिरवून काही कळत नाही, याचं कारण साधं आहे. हा आवाज दोन भाग एकमेकांवर केसाहून कमी सरकल्याचा असतो. ते सरकायला सत्तर किलोचं माणूस पेडलवर उभं राहायला लागतं. म्हणूनच दुकानातल्या स्टँडवर लटकवलेली सायकल शहाण्या मुलासारखी गप्प राहते, मेकॅनिक "काही नाही हो" म्हणतो, आणि कोपऱ्यावरचा स्पीडब्रेकर ओलांडून तुम्ही जोर लावलात की 'कट्'. दुकानात जाताना मोबाईलवर आवाज नुसता ऐकवू नका. कोणत्या गिअरला, बसून की उभ्याने, फेरीला किती वेळा, हे चार ओळींत लिहून न्या. चांगला मेकॅनिक त्या कागदासाठी तुम्हाला खुर्ची देईल.

तज्ज्ञांवर अन्याय नको. बीबीची बदनामी अगदीच निराधार नाही. वर्षानुवर्षं तिचे कप फ्रेममध्ये आट्यांनी फिरवून बसवत. सर्वांत रुळलेलं माप १.३७ इंच व्यासाचं, इंचाला २४ आटे. २००० साली आलेल्या बीबी३० या मापात आटेच गेले, बेअरिंग थेट फ्रेमच्या भोकात दाबून बसवायची, म्हणजेच प्रेसफिट. दांडा जाड, वजन कमी, कारखान्यातलं काम सोपं. फक्त भोक अगदी गोल आणि दोन्हीकडचं एका रेषेत हवं. ते तसं नसलं की दाबून बसवलेला भाग दर पायाला किंचित हलतो आणि बोलतो. पुढे प्रेसफिटची आणखी मापं निघाली, चालवणाऱ्यांनी कुरकुर केली, सायकलींनीही केली, आणि शेवटी टी४७ नावाचं माप निघालं. त्यात काय नवीन? आटे. एवढ्या संशोधनाला दाद दिलीच पाहिजे.

तरी बीबी सर्वांत शेवटी उघडायची. ती बाहेर काढायला वेगळी हत्यारं लागतात, आणि प्रेसफिटची बीबी ठोकून काढताना कधीकधी तिचंच नुकसान होतं. मग ती बदलावी लागते, आणि बदलल्यावर 'बघ, बीबीच होती' असं म्हणायला पाचही जण मोकळे.

कृती (पुढे चालू)

आता हात काळे करा. क्रम स्वस्तातून महागाकडे.

चेन पुसा. बुश आणि रोलर असलेली ही चेन हान्स रेनोल्डने १८८० मध्ये मँचेस्टरला बनवली, आणि तत्त्व आजही तेच आहे: तेल हवं ते आतल्या पिनांना, बाहेरून चकाकायला नव्हे. बाहेरचं तेल म्हणजे बोपदेव घाटातल्या धुळीला आमंत्रण. दर रोलरवर एकेक थेंब टाका, रात्रभर मुरू द्या, सकाळी बनियनने बाहेरून कोरडी करा. पावसाळ्यात हे दर भिजल्यानंतर करायचं. मग पट्टी लावा. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवलं की १२ इंचांवर बरोबर पिनेचा मध्य यायला हवा. तो एक सोळांश इंच पुढे गेला असेल तर चेन अर्धा टक्का लांबली. अकरा-बारा गिअरच्या सायकलला ती बदलायची हीच वेळ. चेन ताणली जात नाही, पिना झिजतात. बदलायला उशीर केलात तर झिजलेल्या चेनने कॅसेटचे दातेही आपल्या मापाचे करून घेतलेले असतात आणि नवी चेन त्यांवरून घसरते.

पेडल काढा. त्याआधी चेन पुढच्या मोठ्या चेनरिंगवर टाका. पाना सटकला तर बोटं दात्यांवर न सोलता चेनवर आपटतील, आणि फक्त काळी होतील. उजव्या पेडलला सरळ आटे, डाव्याला उलटे. डावं पेडल सोडवायच्या नावाखाली आवळत बसलेला नवशिका प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदा तरी दिसतो. त्याला हाक मारून सांगणं हे पुण्यकर्म आहे. आटे पुसा, ग्रीस लावा, ३५ न्यूटन मीटरच्या वर आवळा.

दोन तुकड्यांचा क्रँक असेल तर डावी दांडी फक्त दोन बोल्टवर धरलेली असते. दोन्ही थोडे थोडे, आळीपाळीने, १२ ते १४ न्यूटन मीटरपर्यंत. चेनरिंगचे बोल्टही एकेक सोडवून, पुसून, परत लावा. सीटपोस्टच्या क्लॅम्पला याच्या निम्म्याहून कमी जोर लागतो, साधारण ५. कार्बनचा सीटपोस्ट असेल तर ग्रीस अजिबात नको. त्यासाठी बारीक कण असलेली वेगळी पेस्ट मिळते. 'घट्ट म्हणजे घट्ट' या बाण्याने कार्बन आवळला तर शेवटचा आवाज मोठा येतो आणि नंतर कधीच येत नाही.

आणि मागचं चाक काढा. हे कुणी करत नाही, म्हणून इथे जरा थांबू. साध्या क्विक रिलीजची सायकल असेल तर आसाची टोकं फ्रेमला जिथे चिकटतात तिथे काळी, वाळलेली पेस्ट दिसेल, आणि ती पुसल्यावर खाली धातूवर एक घासलेलं, चकचकीत कडं. ते कडं म्हणजे कबुलीजबाब. चाक तिथे दर पायाला केसभर सरकतंय. दोन्ही पृष्ठभाग बनियनने लखलखीत करा, बोटाने ग्रीसचा पुसट हात फिरवा, चाक सरळ बसवा आणि दांडी अशी मिटा की तळहातावर तिचा ठसा उमटला पाहिजे. १९३० साली तुल्लियो काम्पान्योलोने आणलेली क्विक रिलीजची युक्ती याच दाबावर चालते. ज्यात फिरणारा कॅम धातूच्या पोटात झाकलेला असतो ती जास्त घट्ट धरते. उघड्या कॅमची, प्लास्टिकची चकती असलेली हलकी दांडी दिसायला सुबक, पण धरायला कमी. थ्रू ॲक्सल असेल तर तो पूर्ण बाहेर काढून त्याचे आटे पुसा आणि ग्रीस लावा, कोरडा असला की तोही बोलतो.

एक नियम या सगळ्यावर आहे, तो कुणी पाळत नाही: एका वेळी एकच गोष्ट करायची, मग तोच चढ, तोच गिअर. रविवारी दुपारी सगळं एकदम उघडून ग्रीस फासलं तर आवाज जाईलही. पण तो कशामुळे गेला हे कळणार नाही, आणि परत आला की पुन्हा सगळं उघडा.

दक्षता

इथे विनोद नाही. आवाजाबरोबर खेळ जाणवत असेल, म्हणजे क्रँकची दांडी धरून फ्रेमच्या दिशेने हलवल्यावर किंवा रिम आडवी हलवल्यावर ठकठक होत असेल, तर दुरुस्ती झाल्याशिवाय बाहेर पडू नका. क्रँकला पेडलच्या भोकाजवळ, फ्रेमला बीबीच्या आसपास, सीटच्या सळयांना क्लॅम्पपाशी आणि स्टेमच्या बोल्टजवळ चीर दिसते का, ते उजेडात, पुसून बघा. कार्बनवर नाण्याने हलकेच वाजवत जा. टणक आवाज मध्येच एका जागी बद्द झाला तर जाणत्याला दाखवा. दिवेघाट उतरताना हँडल किंवा क्रँक तुटण्यापेक्षा एक रविवार घरी बसणं परवडतं.

तोंडी परीक्षा

प्रश्न: आवाज गेला का?
उत्तर: गेला.

प्रश्न: खर्च किती आला?
उत्तर: बोटभर ग्रीस आणि एक बनियन.

प्रश्न: मग काय निघालं शेवटी? (हा प्रश्न खडकवासल्याला, पाच जणांसमोर विचारला जाईल.)
उत्तर: बीबी.